लडाखच्या कोरड्या डोंगरांत एकटीने काढलेली एक रात्र

शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा अध्यक्ष महोदयांनी आताच फार साक्षेपाने घेतला. म्हणून मी त्यांच्या अनुमतीने एका निराळ्या विषयावर बोलणार आहे. गेल्या जून महिन्यात, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मी पाठीवर बिऱ्हाड घेऊन लडाखच्या डोंगरांत गेले आणि एक रात्र तंबूत एकटीने राहून आले. त्या रात्रीविषयी मी बोलेन आणि तिचा आपल्या शाळेतील मुलींशी जो संबंध आहे, त्याविषयीही बोलेन.

तो संबंध आधी सांगते. मागील वर्षी आपण इयत्ता नववीसाठी पावागडाच्या पायथ्याशी एका रात्रीचे निवासी शिबिर योजले होते. मुलांची संमतिपत्रे दोन दिवसांत आली. मुलींची निम्म्याहून अधिक आलीच नाहीत. मी पालकांची सभा बोलावली. कोणाच्याही मनात शाळेविषयी अविश्वास नव्हता. ‘दिवसभर न्या, पण संध्याकाळी घरी आणून सोडा’, एवढेच सर्वांचे म्हणणे होते. सभेच्या शेवटी एका मातेने अत्यंत नम्रपणे विचारले, ‘बाई, तुम्ही स्वतः कधी घराबाहेर एकट्या रात्र काढली आहे का?’ मी खरे तेच सांगितले: नाही. माहेरी आईवडील, सासरी भरलेले घर आणि सहलीला गेले तर सोबत शंभर मुले. एकटीने अशी एकही रात्र माझ्या आयुष्यात नव्हती. प्रश्न मला अत्यंत रास्त वाटला. होकार देणारी मी आणि नकार देणारी ती माता, आम्ही दोघीही ऐकीव गोष्टींच्या आधारे बोलत होतो. शिबिर त्या वर्षी दिवसाचेच झाले. मी मात्र मनाशी ठरवले की, या विषयावर पुन्हा बोलण्यापूर्वी ही गोष्ट आपण एकदा करून पाहायची.

त्यासाठी लडाखच का, असे अनेकांनी विचारले. मी या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर हिमालयाची रांग काढायची, दक्षिणेकडून येणारे मोसमी वारे बाणांनी दाखवायचे, ते वारे या बाजूला पाऊस पाडून कोरडे होतात हे सांगायचे आणि पलीकडच्या मोकळ्या जागेत ‘पर्जन्यछाया: शीत वाळवंट’ असे लिहायचे. त्या मोकळ्या जागेत मी कधी पाऊल ठेवले नव्हते. लेह येथे वर्षभरात सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या बडोद्यात जुलैमधल्या एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो. डोंगर आहेत पण झाड नाही, ऊन आहे पण ऊब नाही, अशी ती भूमी आहे. ती एकदा पायांनी वाचावी, ही इच्छा जुनीच होती.

शिवाय या वाटेला आपल्या गावाचा एक पूर्वज आहे. काका कालेलकर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक होते. १९१२ साली ते विद्यालय बंद पडले आणि हा मराठी शिक्षक हिमालयात पायी भ्रमण करण्यास निघाला. पुढे त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक ‘हिमालयनो प्रवास’ या नावाने गुजरातीत लिहिले. मराठी घरात वाढून गुजरातीच्या अंगणात नांदणाऱ्या आपल्यासारख्यांना हा दाखला जवळचा वाटावा. त्यांच्या भ्रमणापुढे माझी एक रात्र म्हणजे सागरापुढे ओंजळ, हे मी जाणते.

मी निवडलेली वाट मोठ्या गिर्यारोहकांच्या खिजगणतीतही नसते. लेहच्या पश्चिमेला सिंधू नदीच्या उत्तर बाजूस शाम नावाचा प्रदेश आहे. तेथे लिकीरपासून यांगथांग, हेमिस शुक्पाचन आणि तेमिसगामपर्यंत जाणारी एक जुनी पायवाट आहे. तिला तेथील लोक कौतुकाने ‘बेबी ट्रेक’ म्हणतात. एका दिवसाच्या चालीवर एकेक गाव येते आणि आता बहुतेक गावांना मोटारीचा रस्ताही पोचला आहे. पहिल्या खेपेस मला हेच हवे होते. एकटेपणाची परीक्षा द्यायची होती, ती जिवावर उदार होऊन द्यायची नव्हती.

तयारी आठ महिने चालली. प्रथम वैद्यकीय तपासणी करून घेतली. मग दर रविवारी पाठीवर ओझे घेऊन पावागडाच्या पायऱ्या चढू लागले. आरंभी चार किलो, मग सहा, मग नऊ. देवीच्या दर्शनाला येणारे भाविक माझ्या अवजड पिशवीकडे पाहून ‘काही नवस आहे का’ असे विचारत. शाळेच्या मैदानावर मी संध्याकाळी तंबू उभारण्याचा सराव केला. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला आणि आपल्या शिपाईकाकांना मदतीला यावे लागले. अखेरच्या दिवशी अंधारात, डोळे मिटून, बारा मिनिटांत तो उभा राहिला.

ओझ्याचा हिशेब सांगते, कारण तो या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. सामान्य माणसाने आपल्या वजनाच्या साधारण एक-पंचमांशापेक्षा अधिक भार पाठीवर घेऊ नये, असा संकेत आहे. माझे वजन ५६ किलो, म्हणजे माझी मर्यादा ११ किलोंच्या आसपास. त्यात रिकामी पिशवी दीड किलो, तंबू पावणेदोन, थंडीत झोपायची पिशवी दीड, कपडे दीड, खाणे एक किलो, अंथरायची चटई, विजेरी, औषधे मिळून एक आणि पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. पाण्याचा भार सर्वांत मोठा. कोरड्या डोंगरात पाणी सोडून काही चालत नाही, म्हणून बाकी सारे सोडावे लागले. दोन पुस्तके, जादा शाल, डब्यातले लाडू, स्टोव्ह, सारे ताणकाट्यावर ठेवले आणि एकेक करून घरी परत गेले. स्टोव्ह नाही म्हणून शिजवणे नाही. मेथीचे ठेपले, भाजलेले पोहे आणि मेतकूट, खजूर, शेंगदाणे, गूळ, इतक्यावर दोन दिवस निघतात.

ओझ्याबरोबर मी एका कागदावर चार नियमही लिहून घेतले. पहिला: लेहला पोचल्यावर तीन रात्री काहीही न करता राहायचे. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंच आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटर. तेथे हवेचा दाब आपल्याकडच्या दोन-तृतीयांशच असतो. विमान माणसाला तेथे एका सकाळीत पोचवते. शरीराला मात्र सवय व्हायला दिवस लागतात. दुसरा: डोके दुखत असेल तर आणखी वर चढायचे नाही, दुखणे वाढले तर वेळ कोणतीही असो, खाली उतरायचे. तिसरा: कोरड्या नाल्यात तंबू ठोकायचा नाही. २०१० सालच्या ऑगस्टमध्ये लेह परिसरात एका रात्रीत झालेल्या मुसळधार पावसाने चिखल आणि दगडांचे लोंढे खाली आणले व दोनशेहून अधिक माणसे दगावली. जेथे वर्षानुवर्षे पाऊस नाही तेथील जमीन पाणी मुरवून घेत नाही. चौथा: मी कोठे आहे आणि कधी परतणार आहे, हे दोन माणसांना नेमके ठाऊक असले पाहिजे. एक लेहच्या अतिथीगृहाचे मालक आणि दुसरे माझे यजमान. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नव्हती, म्हणून पोस्टपेड क्रमांक घेतला. तरीही डोंगरात संपर्क तुटणार हे गृहीत धरले. यजमानांनी मला अडवले नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची?’ मी म्हटले, ‘दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा.’ त्यांनी ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवले.

चौथ्या दिवशी सकाळी मोटारीने मला लिकीरला सोडले. गावाच्या वर तेथील प्राचीन गोंपा आणि त्याशेजारी मैत्रेय बुद्धाची सुवर्णवर्णाची विशाल बैठी मूर्ती आहे. तिला नमस्कार करून मी चालू लागले. वाटेत भेटलेल्या एका आजोबांनी ‘जुले’ म्हणून अभिवादन केले. तेथे नमस्कार, निरोप आणि आभार या तिन्हींसाठी हा एकच शब्द पुरतो.

पहिल्याच तासात भूगोलाच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट कळली. तेथील हवा इतकी निर्मळ आणि कोरडी आहे की दूरची वस्तू जवळ भासते. समोरची फोबे ला नावाची खिंड पंधरा मिनिटांवर दिसत होती. तासाभराने ती तेवढीच दूर होती. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. त्यामुळे अंतर कशाशी ताडून पाहावे, हेच डोळ्यांना कळेना. डोंगर मात्र एकरंगी नव्हते. गेरूसारखे तांबडे, हळदीसारखे पिवळे, काही ठिकाणी चक्क जांभळे. गवताचे आवरण नसल्यामुळे पृथ्वीचे थर उघडेच पडलेले होते. वर्गात ‘वलीकरण’ समजावताना मी टॉवेलच्या घड्या घालून दाखवीत असे. येथे त्या घड्या दगडात, डोंगराएवढ्या, समोर होत्या.

चाळीस पावले चालायचे, दहा श्वास थांबायचे, असा क्रम मी ठेवला. घाम येतो पण लगेच वाळून जातो, म्हणून तहान लागल्याचे समजत नाही. पाणी घड्याळाकडे पाहून प्यावे लागते. उन्हात चेहरा भाजतो आणि खडकाच्या सावलीत गेले की शाल आठवते. खिंडीच्या पलीकडे सुमदो नावाची छोटी वस्ती आली आणि एकाएकी विलो आणि पॉप्लरची झाडे, वाहता ओढा, जवाची हिरवी शेते दिसली. तांबड्या डोंगरात तो हिरवा तुकडा रांगोळीतल्या पानासारखा रेखीव दिसत होता. जिथपर्यंत पाट पोचला तिथपर्यंत हिरवे, त्यापुढे एक हातावर वाळवंट.

त्यानंतरची चारात्से ला ही खिंड ओलांडून दुपारी दोनच्या सुमारास यांगथांगला पोचले. गावातील एका घरी पाणी भरून घेण्यासाठी थांबले. घरच्या वृद्ध बाईंना तेथे आदराने ‘आमा-ले’ म्हणतात. त्यांनी माझ्यामागे वाटेकडे पाहिले आणि हिंदीत विचारले, ‘बाकी लोक?’ मी एकटीच आहे म्हटल्यावर त्यांनी लोणी आणि मीठ घातलेला चहा पुढे केला आणि आपल्याकडेच राहण्याचा आग्रह केला. मी माझा हेतू सांगितला. त्या क्षणभर विचारात पडल्या. मग उठून माझ्याबरोबर गावाच्या टोकापर्यंत आल्या आणि बोटाने दाखवले: त्या सोंडेपलीकडे सपाटी आहे, ओढ्यापासून उंच आहे, वारा कमी लागेल. पाणी शेताच्या पाटातले घेऊ नका, वरच्या धारेचे घ्या. थर्मासात त्यांनी उकळते पाणी भरून दिले. त्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, परंतु रात्रीसाठी ते पुरेसे होते.

चहा घेताना त्यांनी पाण्याची आणखी एक गोष्ट सांगितली. हिमाचे वितळलेले पाणी कोणाच्या शेतात, कोणत्या दिवशी, किती वेळ जायचे, हे गावाने नेमलेला माणूस ठरवतो. त्याला ‘चुरपोन’ म्हणतात. त्याचा शब्द सर्वांनी मानायचा. पावसाविना शेकडो वर्षे ती शेती टिकली, ती या शिस्तीवर. मी एकटी म्हणवत होते. पण माझ्या बाटलीतील पाणी एका संपूर्ण गावाच्या शिस्तीने माझ्यापर्यंत आणले होते.

गावापासून अर्ध्या तासावर ती सपाटी मिळाली. जमीन मुरमाड, खुंट्या धरीनात. मग तंबूच्या दोऱ्या मोठ्या दगडांना बांधल्या. सूर्य डोंगराआड गेला आणि दिवसभर वाहणारा वारा थोड्या वेळाने थांबला. त्यानंतर जी शांतता पसरली तिचे वर्णन मला करता येत नाही. आपल्याकडे शांतता म्हणजे कमी आवाज. तेथे माझ्या कानातील रक्ताचा आवाज मला ऐकू येत होता. शाळेच्या प्रयोगशाळेतून नेलेला तापमापक रात्री नऊला तीन अंश दाखवत होता.

आकाश पाहण्यासाठी मी तंबूबाहेर बसले. अमावास्या जवळ होती. मी तीस वर्षे मुलांना शिकवत आले की, ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितका त्या स्थानाचा अक्षांश. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. बडोद्यात ध्रुव दोन मुठींहून किंचित वर असतो. त्या रात्री मी मुठी मोजल्या: एक, दोन, तीन आणि वर अर्ध्याहून थोडी कमी. बावीस अंशांवरचा ध्रुव चौतिसावर गेला होता. आपण पृथ्वीच्या गोलावर किती चढून आलो आहोत, हे माझ्याच मुठीने मला सांगितले. दक्षिणेला ज्येष्ठा नक्षत्राचा तांबूस तारा मिरवीत वृश्चिक उगवलेला होता. पाठीवर बिऱ्हाड घेतलेल्या दोघांची अशी भेट झाली, याची मला मौज वाटली.

आता भीतीविषयी बोलते, कारण मुख्य विषय तोच आहे. रात्री साडेअकराच्या सुमारास मी दचकून जागी झाले. श्वास थांबल्यासारखा वाटला आणि मग एकदम जोराने आला. छातीत धडधड सुरू झाली. उंचीवर झोपेत श्वास असा लयीत मंदावतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा वेग घेतो, हे मी आधी वाचले होते. नाडी मोजली, पाणी प्यायले, उशीखाली शाल घालून डोके उंच केले आणि पडून राहिले. माहिती नसती तर त्या क्षणी मी अंधारात गावाकडे धावले असते आणि खरा धोका त्या धावण्यातच होता.

दोन वाजता दगडावर दगड घासल्याचा आवाज आला. मग पावलांचा. काहीतरी तंबूभोवती फिरत होते. त्या वेळी मला जी भीती वाटली ती सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. तोंड कोरडे पडले, हात थंड झाले. हाक मारायला कोणी नव्हते. आश्चर्य म्हणजे, घाबरले नाही असे दाखवायलाही कोणी नव्हते. मी उठून बसले आणि मोठ्याने स्वतःशी बोलू लागले: ‘पावले चार आहेत. जड आहेत. घाई नाही. मध्येच थांबतात.’ थांबल्यावर गवत उपटल्यासारखा आवाज येत होता. जनावर चरत होते. विजेरी हातात घेऊन तंबूची चेन थोडी उघडली. एक भलामोठा काळा झो, म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून झालेला बैल, माझ्याकडे शांतपणे पाहत होता. त्याने मला पाहिले, काही विशेष नाही असे ठरवले आणि पुन्हा चरू लागला. मीही चेन लावून घेतली. नंतर झोप लागली नाही. पण भीती गेली म्हणून मी बसून राहिले असे नाही. भीती होती आणि तिच्यासह मी सकाळपर्यंत तेथे राहू शकले.

येथे आपल्या शाळेच्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट नमूद करते. त्या अंधारात मी स्वतःशी जे बोलले ते मराठीत बोलले. माझे शिक्षण, प्रशिक्षण, कार्यालयीन व्यवहार तीन-चार भाषांत झाला. परंतु एकटीला स्वतःला धीर द्यायची वेळ आली तेव्हा आईची भाषाच पुढे आली. मराठी माध्यमाच्या शाळेत मूल घालून पुढे त्याचा काय उपयोग, असे पालक मला विचारतात. नोकरीच्या उपयोगाविषयी इतर वक्ते बोलतील. मी एवढेच म्हणेन की, ज्या भाषेत मूल विचार करायला शिकते, ती भाषा कोणत्याही ताणकाट्यावर भार दाखवत नाही आणि मध्यरात्री दोन वाजता हाताशी असते.

सकाळी उठले तेव्हा डोके किंचित दुखत होते. मूळ बेत असा होता की, पुढची त्सेरमांगचेन ला ओलांडून हेमिस शुक्पाचनला जायचे. शुक्पा म्हणजे तेथील जुनिपरचे झाड. त्या उजाड प्रदेशात त्या गावाजवळ या पुराण्या वृक्षांची राई आहे आणि ती पाहायची मला फार ओढ होती. खिंड समोर दिसत होती. हवामान उत्तम होते. मी दोन तास वाट पाहिली, भरपूर पाणी प्यायले, खाल्ले. डोके दुखतच राहिले. मी तंबू आवरला आणि परत फिरले. आमा-लेंकडे चहा घेतला, एका छोट्या मालमोटारीतून सिंधूकाठी सस्पोलपर्यंत उतरले आणि तेथे काही तासांत डोके हलके झाले. दुपारी तीनला यजमानांना फोन लागला.

अनेकांनी हळहळ व्यक्त केली की, एवढे जाऊन ती राई पाहिली नाही. मला मात्र त्या परतीचे मोल त्या रात्रीइतकेच वाटते. डोके दुखले तर वर जायचे नाही, हा नियम मी घरी, जेवणाच्या मेजावर, मन शांत असताना केला होता. डोंगरावर मला तो नव्याने ठरवायचा नव्हता, केवळ पाळायचा होता. मोहाच्या क्षणी माणसाजवळ न्यायबुद्धी कमी असते. तेव्हा आधी केलेला नियम कामी येतो. आपण मुलींच्या हाती असे नियम देतो का? बहुधा आपण त्यांना मनाई देतो. मनाई आपण समोर असेपर्यंतच टिकते; समजून घेतलेला नियम आपल्या पश्चात टिकतो.

पालकहो, तुमची भीती आणि माझ्या यजमानांची भीती एकच नाही, हे मला कळते. माझ्या तंबूबाहेर झो होता. तुम्हाला जनावरांची भीती नाही, माणसांची आहे. ती काल्पनिक नाही. चोपन्न वर्षांच्या बाईने जे केले ते चौदा वर्षांच्या मुलीने करावे, असे मी मुळीच म्हणत नाही. पण एक गोष्ट तुम्हीच पाहा. आपल्या शाळेतून बारावी झालेल्या मुली दरवर्षी पुणे, अहमदाबाद, बंगळूर येथे शिकायला जातात आणि तुम्ही त्यांना अभिमानाने पाठवता. वसतिगृहातील किंवा भाड्याच्या खोलीतील ती पहिली रात्र त्यांच्या वाट्याला येणारच असते. आज येथे बसलेल्या माजी विद्यार्थिनींना ती रात्र आठवत असेल. प्रश्न इतकाच आहे की, त्या रात्रीआधी त्यांना सराव मिळावा की मिळू नये. मी चार किलोपासून आरंभ केला म्हणून अकरा किलो उचलू शकले. आपण मुलींना अठरा वर्षे शून्य किलो देतो आणि एका दिवशी अकरा देतो.

म्हणून शाळेने पायऱ्या आखल्या आहेत. पाचवीच्या मुलीने घरच्यांनी दिलेली यादी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून एकटीने सामान आणावे आणि हिशेब वहीत लिहावा. सातवीच्या वर्गाने शिक्षकांच्या सोबतीने एक रात्र शाळेतच मुक्काम करावा. आठवीत गटाने दिवसभराची पदयात्रा, नकाशा मुलींच्या हाती आणि शिक्षक मागे. नववीत पावागडाच्या पायथ्याशी एक रात्र तंबूत, दोघी-दोघींनी. प्रत्येक पायरीवर मुलगी आपले नियम स्वतः लिहील: मी कोठे आहे हे कोणाला सांगितले, किती वाजता परतणार, काय झाले तर थांबणार, कोणाला फोन करणार. तो कागद पालकांनी वाचावा, त्यावर चर्चा करावी आणि मग सही करावी.

महाराज सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते मुलींसह. त्या काळी मुलीला सकाळी पाटी घेऊन उंबऱ्याबाहेर पाठवणे, हेच अनेक घरांना केवढे मोठे पाऊल वाटले असेल! ते पाऊल आपल्या पणज्यांच्या आईवडिलांनी उचलले, म्हणून आज या सभागृहात इतक्या सुशिक्षित माता बसल्या आहेत. आपल्या पिढीकडे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आले आहे.

येत्या डिसेंबरात नववीचे शिबिर ठरले आहे. दोन शिक्षिका आणि मी स्वतः मुक्कामी असू. ज्या पालकांना जागा पाहायची असेल त्यांना आम्ही आधीच्या रविवारी घेऊन जाऊ. माजी विद्यार्थिनींना माझी विनंती आहे: आपल्यापैकी डॉक्टर आहेत, पोलीस खात्यात आहेत, एकट्या परदेशी राहिलेल्या आहेत. एक संध्याकाळ शिबिरात या आणि मुलींशी बोला. माजी विद्यार्थ्यांनी हीरक महोत्सवाची भेट म्हणून काय द्यावे, अशी विचारणा होते. मी सांगते: दोन माणसांचे दहा तंबू द्या. संमतिपत्रे बाहेरच्या मेजावर ठेवली आहेत. आज घरी न्या, मुलीसमवेत बसून वाचा आणि पुढच्या शनिवारपर्यंत तिच्याच हाती शाळेत पाठवा.

साठ वर्षे आपण या शाळेवर विश्वास ठेवला. तोच विश्वास आता थोडा मुलींवर ठेवावा, इतकी माझी प्रार्थना आहे.